गेले टी-११ मधून, आले टी-१० मधून

राकेश शर्मांबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं अढी होती. ३ एप्रिल १९८४ रोजी त्यांना अंतराळात घेऊन सोयुझ टी-११ उडालं तेव्हा घरीदारी सगळे हरखून गेले होते. मला मात्र त्यात विज्ञान दिसेना. यान रशियाचं, सॅल्यूत-७ स्थानकही रशियाचं. आपला माणूस आठवडाभराचा पाहुणा. उज्जैनच्या वेधशाळेत सवाई जयसिंहाच्या सम्राट यंत्रावर सावली रेघेरेघेने सरकताना बघत मी वाढले. आकाशाचा अभ्यास वर्षानुवर्षं ठाण मांडून करायचा असतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं. शिक्षिका झाल्यावर मुलांचे चेहरे खुललेले दिसत असूनही शर्मांवरचा धडा मी घाईने उरकत असे. कोतेपणा होता तो.

एकदा आठवीतल्या मुलीने तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, “मॅडम, जाताना टी-११ आणि येताना टी-१०, असं का?”

मला सांगता येईना. घरी येऊन वाचत बसले.

किझिम, सोलोव्योव आणि डॉक्टर आत्कोव फेब्रुवारीपासून वर राहत होते. त्यांचं टी-१० स्थानकालाच जोडलेलं. पण नुसतं उभं राहूनही यान जुनं होतं. ठरावीक मुदतीनंतर परतीसाठी त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून मालिशेव, स्त्रेकालोव आणि शर्मा आपलं नवं यान मागे ठेवून ११ एप्रिलला जुन्यातून उतरले. अशा अदलाबदलीत प्रत्येकाच्या पाठीच्या मापाने घडवलेली आसनाची गादीसुद्धा या यानातून त्या यानात हलवावी लागते. त्या गादीपाशी मी वाचायची थांबले. नुसती मिरवणूक असती, तर एवढं कशाला केलं असतं? पुढे त्याच महिन्यात किझिम आणि सोलोव्योव इंधनाच्या गळक्या नळीच्या दुरुस्तीसाठी स्थानकाबाहेर पडू लागले. तिघंही २३७ दिवस राहून २ ऑक्टोबरला उतरले, ते टी-११ मधूनच.

त्या मोहिमेत राजकारण होतंच, ते आजही नाकारत नाही. पण ठाण मांडून बसणाऱ्यांचं मला एवढं कौतुक, आणि त्यांना तिथे राहता यावं म्हणून कोण काय करतं, याची मी कधी चौकशीच केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अख्खा तास फळ्यावर दोन यानं काढून समजावलं. त्या मुलीचा पुढचा प्रश्न तयार होता: नवं यान पोचलंच नसतं तर?

तसं घडलंही होतं, स्त्रेकालोव यांच्याच बाबतीत. एप्रिल १९८३ मध्ये त्यांचं टी-८ सॅल्यूतला जोडलं गेलं नाही. सप्टेंबरमध्ये तर त्यांचं रॉकेट तळावरच पेटलं. सुटकेच्या यंत्रणेने कुपी वर फेकली म्हणून आतले दोघे वाचले. त्यानंतर सहाच महिन्यांनी स्त्रेकालोव आणि शर्मा एकाच यानात बसून निघाले. याला मी पाहुणचार म्हणत होते.