हातमोज्यावरचे आकडे

उसाचे पाचट काढताना हात चिरतात म्हणून मुलाने मला हातमोजे आणून दिले. हात वाचले. मग तेच घालून मी कपाशीवर औषध फवारले! रात्री हातांची आग आग झाली. मोज्याच्या विणलेल्या पाठीतून औषध आत मुरले होते.

सकाळी छाप नीट पाहिला. हातोड्याचे चित्र, ‘ई.एन. 388’ आणि आकडे. पहिला घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. आकडा मोठा, तितका बचाव जास्त. औषधाचे मात्र त्यात काहीच नाही. त्यासाठी चंबूचे चित्र असलेले नायट्राइल रबराचे लांब मोजे वेगळे.

तेव्हा दुकानात ‘मजबूत आहेत का?’ एवढेच विचारू नका. ‘कशापुढे मजबूत?’ हेही विचारा.