डेटा आणि दत्त

नातीच्या महाविद्यालयांत इंग्रजी वादविवादाची स्पर्धा ठरली होती. बलाढ्य तंत्रज्ञान-कंपन्यांचें विभाजन करावें कीं नाहीं, असा विषय होता. तिनें विभाजनाची बाजू घेतली होती. माझें काम समोर बसून ऐकण्याचें. मॅट्रिकपर्यंतचें इंग्रजी आणि जन्मभर शिकविलेलें संस्कृत एवढ्या सामग्रीवर मी ऐकत असें व अडलेला शब्द वहींत टिपून घेत असें.

पहिलाच शब्द ‘अँटीट्रस्ट’. ट्रस्ट म्हणजे विश्वास. मग विश्वासाविरुद्ध कायदा कसला? नातीनें उलगडा केला. गेल्याच्या मागच्या शतकांत अमेरिकेंतील कारखानदार आपापले भाग एका विश्वस्तमंडळाच्या हातीं सोंपवून सारा धंदा एकवटीत, त्या व्यवस्थेला ट्रस्ट म्हणत. तिला आवर घालण्यास १८९० सालीं शर्मन कायदा झाला, आणि १९११ सालीं त्याच कायद्याखालीं स्टँडर्ड ऑईल या तेलकंपनीचे ३४ तुकडे करण्यांत आले.

‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द पाचोरेकराला शिकवावा लागत नाहीं. जेथून पूर्वीं जामनेरची छोटी गाडी सुटे, तो आपला फलाट. नात म्हणाली, “आजोबा, फलाटाचा मालक स्वतःच केळीं विकूं लागला, आणि इतर विक्रेत्यांनीं कोठें उभें राहावें हेंहि तोच ठरवूं लागला, तर?” कोशांत हा अर्थ मला सांपडला नसता. आपल्या स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें गूगलला १,३३७.७६ कोटि रुपयांचा दंड केला, त्याचें एक कारण हेंच कीं, फोन बनविणाऱ्यांना गूगलचीं ॲप आधींच बसवून देणें भाग पडत होतें.

पुढें तिच्या भाषणांत वाक्य आलें कीं, या कंपन्यांचें खरें बळ लोकांच्या डेट्यांत आहे. येथें मला राहवेना. लॅटिन भाषेंत डेटा म्हणजे ‘दिलेल्या वस्तु’; त्याचा धातु आपल्या ‘दा’ धातूचा सख्खा भाऊ. म्हणजे डेटा म्हणजे दत्तच! यावर मीं पाव तास व्याख्यान दिलें. (शिक्षकी पेशा सुटला तरी खोड सुटत नाहीं.)

तिनें तें शांतपणें ऐकलें आणि विचारलें, “दत्त म्हणजे ज्याचें त्यानें दिलेलें ना? मग माझी जन्मवेळ कोणी दिली, आजोबा?”

गेल्या वर्षीं तिची पत्रिका पाहावी म्हणून मीं फोनवरील एका ॲपमध्यें तिचें नांव, जन्मतारीख, वेळ आणि तिचाच फोन-क्रमांक भरला होता. शेवटीं संमतीचें बटण होतें. तें न वाचतांच दाबलें. त्यानंतर तिला वरसंशोधनाचे फोन येऊं लागले, ऐन परीक्षेंतसुद्धां. या दोहोंचा संबंध मीं कधीं जोडला नव्हता; तिनें जोडला होता, आणि वर्षभर बोलली नव्हती.

धर्मशास्त्रांतील अठरा व्यवहारपदांत ‘अस्वामिविक्रय’ हें एक पद आहे, म्हणजे आपलें नसलेलें विकणें. मुलांना त्याचा समास मीं कितीदां सोडवून दिला असेल! मीं कांहीं विकलें नव्हतें खरें, पण स्वामी नसतां देऊन मोकळा झालों होतों.

मग आम्ही दोघें २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घेऊन बसलों. त्यांत माहिती बाळगणाऱ्याला ‘फिड्युशिअरी’ म्हटलें आहे. मुळांत विश्वासाचाच शब्द, आपल्या ‘निक्षेप’ सांभाळणाऱ्यासारखा. संमति मोकळेपणानें व समजून दिलेली असावी, ती परत घेतां यावी, आणि ती मागणारी सूचना मराठींतहि वाचतां यावी, असें त्यांत आहे. मराठींत असती तर मीं वाचली असती का? नातीनें हें विचारलें नाहीं.

त्याच रात्रीं आम्हीं तें खातें काढून टाकलें. “तिकडूनहि पुसलें गेलें का गं?” मीं विचारलें. “कोणास ठाऊक,” ती म्हणाली.

स्पर्धेंत तिला दुसरें बक्षीस मिळालें. फोन अजून येतात. ती घरीं असली म्हणजे ते मी उचलतों.