दहाव्या होलवर काय झालं?

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी खेळलेला असेल. मीही ती गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही. आमच्या शाळेच्या मैदानावर लंगडी नि कबड्डी छान रंगते, पण गोल्फचा एक जोरदार फटका मारला तर चेंडू थेट गावाबाहेर! तरीही या खेळातली एक गोष्ट मी आवडीने बघते. आणि गंमत म्हणजे ती खेळ संपल्यावर सुरू होते.

अठरा होल पूर्ण झाले की खेळाडू स्कोअरकार्डावर सही करून बाहेर येतो. तिथे वार्ताहर वाट बघत असतात. ते "किती फटके लागले?" असं विचारत बसत नाहीत, कारण तो आकडा फलकावर सगळ्या जगाला दिसत असतो. ते विचारतात, "दहाव्या होलवर काय झालं?" आणि बरेचसे खेळाडू चक्क सांगून टाकतात!

७ ऑगस्ट २०२१ हा दिवस आठवतोय? त्या संध्याकाळी टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवलं. पण त्याच दिवशी सकाळी बंगळुरूची अदिती अशोक गोल्फमध्ये पदकाच्या अगदी दारात उभी होती. गोल्फमध्ये कमी फटके म्हणजे चांगला खेळ, हेही ज्यांना ठाऊक नव्हतं, अशी माणसं त्या दिवशी टीव्हीसमोर बसली होती. चार दिवसांत अदितीला २६९ फटके लागले. कांस्यपदक २६८ फटक्यांना मिळालं. एका फटक्याने ती चौथी आली! नंतर तिने जे सांगितलं त्याचा अर्थ असा होता, की दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेत या निकालाने मी खूश झाले असते, पण इथे चौथ्या क्रमांकावर खूश होणं अवघड आहे. "भाग घेतला हेच मोठं" असं गुळगुळीत वाक्य तिला सहज म्हणता आलं असतं. कुणी नावं ठेवली नसती.

मला वाटतं, हा मोकळेपणा त्या खेळातूनच येत असावा. क्रिकेटमध्ये कॅच दुसऱ्याने सोडला, पंचांनी चुकीचं बाद दिलं, असं काही ना काही सांगता येतं. गोल्फमध्ये चेंडू आपल्यासमोर गप्प पडून असतो. तो कुणी आपल्याकडे टाकत नाही. मारणारे आपणच, आणि तो झाडीत गेला तर शोधायलाही आपल्यालाच जावं लागतं. प्रत्येक फटक्याला पंचही शेजारी उभा नसतो. १९२५ साली अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्सचा चेंडू फटक्याआधी जरासा हलला. इतर कुणी तो हलताना पाहिला नव्हता. त्याने आपण होऊन एक दंडाचा फटका लावून घेतला. पुढे बरोबरी झाली आणि जादा खेळात तो हरला.

२०११ सालच्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवशी उत्तर आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय चार फटक्यांनी पुढे होता. वय अवघं एकवीस. दहाव्या होलवर त्याचा चेंडू झाडाला लागून भलतीकडेच, लाकडी घरांच्या मधे जाऊन पडला. चार फटक्यांच्या जागी सात लागले. अकराव्या आणि बाराव्या होलवर आणखी घसरण झाली. दिवसअखेर ८० फटके! तरी तो वार्ताहरांसमोर आला. दहा, अकरा, बारा या होलवर सामना माझ्या हातातून गेला आणि मग मला तो परत धरता आला नाही, अशा अर्थाचं तो बोलला. काही दिवस वाईट वाटेल, पण यातून मी सावरेन, असंही म्हणाला. दोनच महिन्यांनी त्याने अमेरिकन ओपन आठ फटक्यांनी जिंकली.

आता दुसरा नमुना बघा. २००६ च्या अमेरिकन ओपनमध्ये फिल मिकेलसनला शेवटच्या होलवर चार फटके पुरले असते. त्याला सहा लागले आणि एका फटक्याने स्पर्धा गेली. तो म्हणाला, "मी किती मूर्ख आहे!" पेपरवाल्यांना हे वाक्य फार आवडलं. मला मात्र मॅकिलरॉयचं उत्तर जास्त खरं वाटतं.

त्याचं कारण माझ्या वर्गात आहे. मी चौथीला शिकवते. वजाबाकी चुकली की काही मुलं म्हणतात, "बाई, ते चुकलं." जणू गणित आपलं आपणच चुकलं! काही मुलं मान खाली घालून म्हणतात, "बाई, मी ढ आहे." ऐकायला हे फार प्रामाणिक वाटतं, पण त्यातून मला काहीच कळत नाही. ढ म्हटलं की विषय संपला. मग मी वही पुढे सरकवते आणि विचारते, "कितव्या ओळीपर्यंत बरोबर होतं?" एकदा एक मुलगी बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तिसऱ्या ओळीपर्यंत. दशकाकडून एक उसना घेतला, पण दशकातला एक कमी केलाच नाही." बघा, ढ कुठे गेला?

पालकांनो, पेपर घरी आला की आपला पहिला प्रश्न असतो, "किती पडले?" अहो, ते पेपरावर लाल शाईत लिहिलेलंच असतं! तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला की पेपर दप्तराच्या तळाशी जातो.

अर्थात कधी कधी बोलवतच नाही. २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्ये शेवटी शेवटी अगदी जवळचे फटके हुकले आणि हाच मॅकिलरॉय कुणाशीही न बोलता निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने लिहून कळवलं, की कालचा दिवस बहुधा माझ्या कारकिर्दीतला सर्वांत कठीण दिवस होता. मला यात काही वावगं वाटलं नाही. रडवेल्या मुलाला तिथल्या तिथे उभं करून जाब विचारू नये, उद्या विचारावं.

आता माझी सगळ्यांत आवडती गोष्ट. १४ एप्रिल १९६८. अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेन्सोचा त्या दिवशी पंचेचाळिसावा वाढदिवस होता. मास्टर्समध्ये तो सुंदर खेळला. गोल्फमध्ये आपले फटके सोबतचा खेळाडू लिहितो आणि आपण तपासून सही करतो. सतराव्या होलवर रोबेर्तोला तीन फटके लागले होते, पण सोबतच्या टॉमी एरनने चुकून चार लिहिले. रोबेर्तोने न बघता सही केली. नियम असा, की सही केलेला आकडा जास्त असेल तर तोच धरायचा. त्या एका फटक्यामुळे बरोबरी हुकली आणि बॉब गोल्बी विजेता ठरला. रोबेर्तोला एरनकडे बोट दाखवता आलं असतं. तो म्हणाला, "काय मूर्ख मी!" पण तो मिकेलसनसारखा मोघम बोलला नव्हता. कार्ड तपासणं हे माझं काम होतं, हेच त्याला सांगायचं होतं.

पाच वर्षांनी, १९७३ साली, तीच मास्टर्स टॉमी एरनने जिंकली. शेवटच्या दिवशी त्याचे फटके सोबतचा जॉनी मिलर लिहीत होता. त्यानेही एका होलवर एक फटका जास्त लिहिला. सही करण्याआधी एरनने कार्ड नीट वाचलं आणि ती चूक पकडली.