गठ्ठ्यातली नावे

काशीमीरा येथील आमचे चर्च संत जेरोम यांच्या नावाचे. ३० सप्टेंबर हा त्यांचा सण. पवित्र शास्त्र लॅटिन भाषेत आणणारे हे महापंडित अनुवादकांचे आश्रयदाते संत मानले जातात. त्यांची आठवण मला परवा एका जुन्या मोबाइलने करून दिली.

निकामी ठरलेला माझा फोन पुतण्याने 'लिनिएजओएस' नावाची प्रणाली घालून पुन्हा चालता केला. 'सायनोजेनमॉड' हा उपक्रम डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडल्यावर त्याचेच काम या नव्या नावाने पुढे सुरू झाले. तिची आज्ञावली खुली आहे. म्हणजे ती कोणीही वाचावी, सुधारावी, वापरावी. जगभरातील स्वयंसेवक आपापला नोकरीधंदा सांभाळून हे काम करतात.

पुतण्याने मला फोनमध्येच त्यांची नावे दाखवली. यादी नव्हे, नावांचा ढगच! ज्याचे काम अधिक त्याचे नाव मोठे. बोटांनी पडदा ताणला की मागची बारीक नावेही वर येतात. मी हरखून गेलो. मग सहज विचारले, "यात मराठी करणारे कुठे आहेत?"

"ते बहुतेक यात नसतात, काका," तो म्हणाला. "आज्ञावलीत कोणी किती बदल केले ते इथे मोजले जाते. भाषांतरे गठ्ठ्याने आत येतात, आणि नोंद त्या गठ्ठ्याची होते."

यात कोणाची लबाडी नव्हती. मोजमापाची रीतच तशी. तरी मला चुटपुट लागली. अनुवादकासमोर 'ओपन' एवढा एकच शब्द येतो. ती 'उघडा' ही आज्ञा की 'उघडे आहे' हे वर्णन, हे सांगायला शेजारी वाक्य नसते. रात्री जागून कोणी तरी तो पेच सोडवतो, म्हणून माझ्यासारख्याला फोन आपल्या भाषेत वाचता येतो. 'अँटेनापॉड' या दुसऱ्या एका खुल्या अ‍ॅपमध्ये मात्र अनुवादकांची वेगळी यादी पाहिली. म्हणजे मनात आणले तर जमते.

संत जेरोम यांच्या बेथलेहेममधील कामामागे पावला ही रोमन विधवा आणि तिची कन्या युस्टोकियम यांचा मोठा आधार होता. आपले अनेक ग्रंथ जेरोम यांनी त्यांना अर्पण केले. स्त्रियांना ग्रंथ अर्पण करतो म्हणून नावे ठेवली गेली, तरी या स्वभावाने तापट संताने ती नावे खोडली नाहीत.

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, ही प्रभू येशूची शिकवण आपण अशा वेळी पुढे करतो. मीही केली आहे. पण ती देणाऱ्याला केलेली आज्ञा आहे. घेणाऱ्याने तिच्या आड लपावे, असे तिच्यात कुठे आहे?

हे लिहिताना मन खाते. नोकरीनिमित्त दुसरीकडे राहत असताना मी एका चर्चची स्मरणिका संपादित केली होती. देणगीदारांची नावे रकमांसह छापली. आणि शेवटी 'इतर सर्व स्वयंसेवकांचे आभार' ही एक ओळ. वेदीची वस्त्रे वर्षानुवर्षे घरी नेऊन धुणाऱ्या एक बाई त्या 'इतर सर्व' मध्ये गेल्या. त्यांनी स्मरणिका चाळली, छपाई सुबक झाली आहे म्हणाल्या आणि घरी गेल्या.

गेल्या आठवड्यात मी त्यांना दूरध्वनी केला. या अंकासाठी लिहितो आहे, आपले नाव घातले तर चालेल का, असे विचारले. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "माझे राहू द्या. इस्त्री माझी जाऊ करायची, तिला विचारा."

जाऊबाईंचा क्रमांक मी लिहून घेतला आहे.