फ्लाइट दीड तासाची, प्रवास सव्वापाच तासांचा!

मुंबई-नागपूर किती लांब? हल्ली या प्रश्नाला कुणी किलोमीटरमध्ये उत्तर देत नाही. ‘दीड तास रे, फ्लाइटनं!’ एवढंच. नोकरी मुंबईत आणि आई-बाबा नागपुरात, अशा सगळ्यांचं वीकएंडचं गणित याच दीड तासावर बेतलेलं असतं. आणि नेमकं तिथेच ते फसतं.

आधी अंतर बघू. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत सुमारे 680 किलोमीटर. जून 2025 मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, तर भुसावळमार्गे रेल्वेनं 837. म्हणजे विमान किलोमीटर फारसे वाचवत नाही, तास वाचवतं.

पण किती? तिकिटावरचे दीड तास सगळेच हवेतले नसतात. गेटवरून विमान हललं की घड्याळ सुरू, आणि पलीकडे गेटला लागलं की बंद. प्रत्यक्ष उड्डाण सव्वा तासाच्या आसपास. बाकीचा वेळ धावपट्टीच्या रांगेत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे सहसा एका वेळी एकच वापरता येते. म्हणूनच परतताना कधीकधी मुंबईवर घिरट्या! हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना ते विमानाला पुढे ढकलतात, येताना समोरून येतात. पण फरक पडतो तो थोड्या मिनिटांचा.

खरी मेख जमिनीवर आहे. समजा, तुम्ही डोंबिवलीत राहता. विमानतळ गाठायला दीड तास. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून तिथे दीड तास आधी हजर. मग फ्लाइटचे दीड तास. नागपूरचं सोनेगाव विमानतळ शहरातच, तरी बॅग घेऊन घरी जायला पाऊण तास धरा. झाले सव्वापाच तास! शनिवारी सकाळी सहाची फ्लाइट असेल, तर रात्री अडीचला उठायचं आणि घरी पोचून दुपारभर घोरायचं. आई बिचारी जेवायला कधी उठवू याची वाट बघत बसणार.

रात्रीचा हिशेब नागपूरला जुना आहे. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, टपालाच्या पोत्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परतायची. दिवस मोडायचाच नाही!

तोच फंडा आपणही वापरू शकतो. शुक्रवारी ऑफिसातून थेट सीएसएमटी गाठा आणि दुरांतो पकडा. अकराएक तास लागतात, पण त्यातले सात-आठ झोपेचे. सकाळी ताजेतवाने होऊन तर्री पोह्यांवर ताव मारा, अख्खा शनिवार तुमचा. रविवारी मात्र रात्रीची फ्लाइट घ्या. सोमवारी ऑफिसला जाण्यापूर्वी आपल्या बिछान्यात थोडी झोप तरी मिळते.

एक काळजी घ्या. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुटू लागली आहेत. पनवेल-वाशीकरांची सोय झाली, पण तिकिटावर कोणतं विमानतळ आणि कोणतं टर्मिनल आहे, ते नीट वाचा. स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे कॅबवाल्याला जायला नकोत.

आई फोनवर फ्लाइट किती तासांची, असं कधीच विचारत नाही. ‘घरी कधी पोचणार?’ एवढंच विचारते. तिकीट काढताना तोच प्रश्न स्वतःला विचारा!