आधी बाप, मग भाकर

आमच्या घरात कुणी कुणाला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही वाढलो. बाबा तिथे फिटर होते. गळीत हंगामात पाळी संपवून घरी यायचे तेव्हा अंगाला मळीचा आणि ग्रीसचा वास असायचा, बोलायचं त्राण नसायचं. शाबासकी म्हणजे पाठीवर एक थाप, राग म्हणजे नुसतं बघणं. माया भरपूर होती. आम्हाला ताप आला की रात्रभर उशाशी बसून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवणारा तो माणूस होता. तोंडानं मात्र त्यातलं काही निघायचं नाही.

तोच माणूस रात्री जेवणं उरकली की चटईवर बसायचा, हातातलं घड्याळ काढून बायबलशेजारी ठेवायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, “बापा, तू मला फार आवडतोस.”

सुरुवातीला आम्हा भावंडांना अवघडल्यासारखं व्हायचं. आम्ही किलकिल्या डोळ्यांनी एकमेकांकडे बघायचो. पुढे पुढे त्या वाक्याची वाटच बघायला लागलो, कारण ते म्हणताना बाबांचा आवाज बदलायचा. कारखान्यात साहेबांपुढे हात बांधून उभे राहणारे, थोरल्या चुलत्यांसमोर खुर्चीवर न बसणारे बाबा देवाशी मात्र अरे-तुरेत बोलायचे, तेही लाडात. ते लहान व्हायचे. त्यांचे वडील त्यांच्या अगदी लहानपणीच वारले होते, हे मला खूप उशिरा आत्याकडून कळलं. बाप म्हणून हाक मारायला त्यांना घरात कुणी उरलंच नव्हतं.

त्यांच्या प्रार्थनेला एक ठरलेली चाल होती. आधी प्रेम. मग दिवसभरात काय काय आवडलं, ते. “आज वाफेची नळी फुटली, पण माझा हात वाचवलास.” “मुरमाड रानातसुद्धा तू बाभळीला किती पिवळी फुलं लावलीस, येताना बघितली.” मागणं सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडक्यात : आईचा दमा, आमच्या फिया, शेजारच्या घरातलं भांडण. मी शाळेत असताना एकदा त्यांना विचारलं, की जे हवंय ते आधीच का नाही मागत? त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढला. येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेवर बोट ठेवलं आणि एकेक मागणं मोजून दाखवलं. पित्याचं नाव, पित्याचं राज्य, पित्याची इच्छा. भाकर चौथी. “आधी बाप, मग भाकर,” बाबा म्हणाले आणि पुस्तक मिटलं. त्यांचं सगळं धर्मशास्त्र एवढंच होतं, आणि मला आजवर त्यात भर घालावीशी वाटलेली नाही.

ही सलगी त्यांनी कुठून आणली? माझ्या मते चर्चमधल्या भजनांतून. आमच्याकडच्या उपासनेत पेटी, तबला आणि टाळ असतात. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक घरोघरी असतं आणि त्यात नारायण वामन टिळकांची पदं आहेत. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक नगरला राहिले. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेलं मन घेऊन ते ख्रिस्ताकडे आले होते. त्यामुळे ख्रिस्ताला माउली म्हणताना त्यांची जीभ अडखळली नाही. विठ्ठलाशी भांडणाऱ्या, रुसणाऱ्या, त्याच्या गळ्यात पडणाऱ्या संतांच्या मुलखात देवाशी परक्यासारखं बोलायचं तरी कसं? बाबांनी ना टिळकांचं चरित्र वाचलं होतं, ना तुकोबांची गाथा. रविवारी टाळ वाजवता वाजवता ते सगळं त्यांच्यात उतरलं होतं.

या प्रेमाची खरी परीक्षा मी पाहिली ती आई गेली तेव्हा. दमा बळावला, पहाटे तालुक्याच्या गावी नेता नेता वाटेतच ती गेली. दफनविधी झाला, मंडळी पांगली. रात्री सवयीनं चटई पसरली गेली, पाहुणेही बसले. बाबांनी घड्याळ काढलं, डोळे मिटले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “बापा, आज मला तुझा फार राग आलाय. तुझ्याशी बोलायची इच्छा नाही. पण जाऊ कुठे? आलोय.” आणि तिथेच थांबले. एक लांबचे नातेवाईक नंतर ओसरीवर कुजबुजले, की देवाला असं बोलू नये. मला ते तेव्हाही पटलं नाही. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र वाचावं. दुःखानं सुरू होतं आणि शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. गेथशेमाने बागेत येशूनं समोरचं दुःख टळावं म्हणून विनवणी केली, तीही पित्याला हाक मारूनच. ज्याच्यावर प्रेम नाही त्याच्यावर कुणी इतक्या हक्कानं रागावत नाही.

त्यानंतर कितीतरी रात्री बाबा फक्त “आलोय” एवढंच म्हणायचे. आम्हीही आमेन म्हणून उठायचो. पुढच्या हंगामात बॉयलर पेटल्यावर, एका पाळीवरून आल्यानंतर, आईच्या हातच्या लोणच्याची शेवटची बरणी संपल्याचं त्यांनी देवाला सांगितलं आणि म्हणाले, “तिला तूच दिली होतीस. तू मला अजून आवडतोस.” मी त्या वेळी नोकरीला लागलो होतो, सुट्टीला घरी आलो होतो. माझ्या श्रद्धेला धक्के बसलेले ते दिवस होते. पुस्तकं, वादविवाद यांनी जे झालं नसतं ते त्या चटईवर झालं. ज्याचं सगळ्यात मोलाचं माणूस गेलं, तो ज्याला हे सांगतोय तो पिता ऐकणारा असलाच पाहिजे, असं मला आतून वाटलं, आणि आजही वाटतं.

आता बाबा माझ्याकडे पिंपरीला असतात. कानानं फार कमी ऐकू येतं, त्यामुळे प्रार्थना मोठ्यानं होते. समोरच्या दारातल्या मावशी मुलीला विचारतात, “आजोबांचं देवाशी बोलणं झालं का गं?” माझी आठ वर्षांची मुलगी त्या “आवडतोस” ला अजिबात लाजत नाही. तिची पाळी आली की ती देवाला शाळेतलं भांडणसुद्धा सांगते आणि मध्येच, काही कारण नसताना, “आणि तू मला आवडतोस हं” असं घालून पुढे जाते.

मला मात्र मोठ्यानं बोलायला वेळ लागला. मनातल्या मनात प्रार्थना करायची सवय होती. पण माझं संपलं की बाबांना आमेन म्हणायचं असतं आणि त्यासाठी त्यांना ऐकू जायला हवं. म्हणून सध्या मी खिडकी लावून घेत नाही, गळा साफ करतो आणि शेजाऱ्यांना जाईल एवढ्या आवाजात स्वर्गातल्या बापाला सांगतो, की तू मला फार आवडतोस. पलंगावरून बाबा लगेच आमेन म्हणतात, मागण्यांपर्यंत पोचायच्या आतच.