पुरात बुडालेलं मशीन

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि ताईचं कपडे धुवायचं मशीन चिखलात बुडालं. आठ दिवसांनी भाचा म्हणाला, "मामा, सुकलंय, लावूया?"

म्हटलं, "थांब रे बाबा!"

विहिरीवरच्या पंपाने मला एवढं शिकवलंय : पाणी सुकतं, गाळ आत राहतो. पावसाळी हवेत तो ओल धरतो आणि करंट बॉडीत उतरतो. मशीन फिरतंही, पण ओल्या हाताने, अनवाणी पायाने त्याला हात लावणारी आमची ताई.

वायरमनने मोटर धुतली, बल्बच्या उबेला सुकवली, मग वाइंडिंग आणि बॉडीमध्ये मेगर लावला. मोटर वाचली होती. घराच्या अर्थिंगची तार मात्र तुटलेली. ती जोडेस्तोवर मी बोर्डाजवळच खुर्ची टाकून बसलो.